डॉकरवर पहिलं ॲप चढवताय? मी जिथे जिथे आपटलो ते आधी वाचून घ्या

मामाचा केळीचा धंदा आहे, रावेर साईडला. गाडी भरायची, घड मोजायचे, काट्यावर वजन, त्या दिवसाचा भाव, शेतकऱ्याचं नाव, सगळं वहीत. मी त्याच्यासाठी एक छोटं ॲप बनवलं, नोडमध्ये (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवतं ते), मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. माझ्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालायचं. सर्व्हरवर नेलं तर तिथे नोडचं व्हर्जन वेगळं, पोस्टग्रेस जुनं, एक लायब्ररी इन्स्टॉलच होईना, त्यात दोन रात्री गेल्या. मग मित्र म्हणे, भो, डॉकर कर ना. (डॉकर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकाच डब्यात बंद करून कुठल्याही मशीनवर तसंच चालवायचं साधन.) केलं. तिसरी, चौथी आणि पाचवी रात्र पण गेली, पण ती वेगळ्याच कारणांनी, आणि ती कारणं कोणी आधी सांगितली असती तर एका दुपारचं काम होतं. म्हणून हे लिहितोय.

एक सांगून ठेवतो, कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरात.

१. आधी डोक्यात एवढं बसवा

आपल्याकडे टिश्यू कल्चरची जी-नाइन केळीची रोपं मिळतात ना, लॅबमध्ये तयार केलेली, सगळी सारखी? इमेज म्हणजे लॅबमधला तो मूळ माल, आणि कंटेनर म्हणजे शेतात लावलेलं एक रोप. एका इमेजपासून दहा कंटेनर काढा, दहाही सारखे. वादळात रोप आडवं झालं तर आपण त्याला सलाईन लावत बसत नाही, दुसरं लावतो. कंटेनरचं पण तेच. बिघडला, उडवा, नवीन काढा. आणि जमीन म्हणजे व्हॉल्यूम, तुमचा डेटा तिथे असतो. रोप गेलं तरी जमीन राहते, पण जमीनच विकली तर बोंबला.

मी सुरुवातीला हेच उलटं करत होतो. कंटेनरच्या आत शिरायचो, आत फाईल बदलायचो, आत पॅकेज टाकायचो, आणि नवीन कंटेनर काढला की सगळं गायब. आत शिरून बघायला हरकत नाही, दुरुस्ती मात्र बाहेर, फाईलमध्ये करायची.

आणि हे व्हर्च्युअल मशीन नाही. आत वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बूट होत नाही, सगळे कंटेनर सर्व्हरचाच लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरतात, फक्त नेमस्पेस आणि सीग्रुप नावाच्या कर्नलच्याच सोयींनी प्रत्येकाला वेगळं घर आणि रेशन ठरवून दिलेलं असतं. डॉकर २०१३ मध्ये आलं, त्या सोयी लिनक्समध्ये त्याच्या आधीपासून होत्या, डॉकरने त्या सामान्य माणसाला वापरता येतील अशा केल्या.

२. काय काय लागेल

- सरावाला एक जुना पीसी किंवा लॅपटॉप, ४ जीबी रॅम पुरते, त्यावर उबुंटू लिनक्स. विंडोजवर पण होतं, डॉकर डेस्कटॉप आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) लागतं, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू पाहिजे.
- खऱ्या वापराला भाड्याचा सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस. २ जीबी रॅम घ्या. १ जीबीचा स्वस्त पडतो पण त्यावर इमेज बिल्ड करताना मध्येच मरते. एक्झिट कोड १३७ दिसला की बहुतेक वेळा रॅम संपलीय समजा. अडलंच तर २ जीबी स्वॅप टाका, म्हणजे डिस्कवरची उसनी रॅम.
- पॅन, आधार आणि पत्ता. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशापासून व्हीपीएसवाल्यांना ग्राहकाची माहिती तपासून पाच वर्षं ठेवावी लागते, त्यामुळे केवायसी मागतात, घाबरू नका. नाव कार्डावर आहे तसंच टाका.
- कंपनी बाहेरची असेल तर डेबिट कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या, ते मुळात बंद असतात. माझं पेमेंट तीनदा उडालं, मी बँकेला शिव्या देत बसलो, स्विच माझ्याच मोबाईलच्या ॲपमध्ये होता.
- एक डोमेन नाव.
- एक वही. हसू नका. कोणता पासवर्ड कुठे, कोणता पोर्ट कशाला, लिहून ठेवा.

घरच्याच पीसीवर कायमचा सर्व्हर ठेवू का, असं बरेच जण विचारतात. मी ठेवला होता, मामाच्या ऑफिसात, वर पत्रे. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी दोन वाजता मशीन तापून आपोआप बंद. लाईटचं तर तुम्हाला माहितीच आहे. आणि मोठी अडचण वेगळीच, बऱ्याच इंटरनेट कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, शंभर घरांमागे एक आयपी, मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही. सरावाला घर, कामाला व्हीपीएस.

३. डॉकर इन्स्टॉल करा

उबुंटू सर्व्हर इन्स्टॉल करताना शेवटी एक यादी येते, त्यात डॉकरवर टिक करायचा मोह होतो. करू नका. ते स्नॅपवालं (उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीचं) डॉकर असतं, त्याला होम फोल्डरच्या बाहेरच्या फाईली नीट दिसत नाहीत, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो. डॉकरच्या अधिकृत साईटवरची स्क्रिप्ट किंवा त्यांची रिपॉझिटरी वापरा.

मग 'डॉकर रन हॅलो-वर्ल्ड'. स्वागताचा मेसेज आला म्हणजे झालं.

दरवेळी सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावायचा कंटाळा येतो म्हणून आपण स्वतःला डॉकर ग्रुपमध्ये टाकतो, यूजरमॉड कमांडने. तिथे डॅशनंतर लहान ए आणि कॅपिटल जी असे दोन्ही पाहिजेत. लहान ए विसरलात तर डॉकर ग्रुपमध्ये जाल पण बाकीच्या ग्रुपमधून बाहेर, सुडोमधून सुद्धा, म्हणजे स्वतःच्याच घराबाहेर. टाकून झालं की लॉगआउट करून परत लॉगिन. आणि हे लक्षात असू द्या की डॉकर ग्रुपमधला माणूस म्हणजे रूटच, सर्व्हरचा मालकच झाला, कोणालाही टाकू नका.

इमेज ओढताना 'टू मेनी रिक्वेस्ट्स' असं आलं, तर तुमची चूक नाही. इमेज जिथून येतात त्या डॉकर हबला लॉगिन न केलेल्यांसाठी आयपीप्रमाणे मर्यादा आहे, आणि मोबाईल हॉटस्पॉटवर तो एक आयपी कितीतरी जण वापरत असतात. फुकट अकाउंट काढून 'डॉकर लॉगिन' करा.

४. डॉकरफाईल लिहा

ही इमेज कशी बनवायची त्याची कृती. नोडचं ॲप असेल तर नोडच्या इमेजवरून सुरुवात, फोल्डर ठरवा, पॅकेजची फाईल कॉपी करा, इन्स्टॉल करा, मग बाकीचा कोड कॉपी करा, शेवटी चालवायची कमांड. क्रम महत्त्वाचा. डॉकर प्रत्येक पायरी साठवून ठेवतं आणि बदललेल्या पायरीपासूनच पुढे काम करतं. आधीच सगळा कोड कॉपी केला तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी पॅकेजेस परत डाऊनलोड होतात, गावाकडच्या नेटवर हे किती वेळ चालतं ते तुम्हीच बघा.

डॉकरइग्नोर नावाची फाईल ठेवा, त्यात नोड मॉड्यूल्सचा फोल्डर, गिटचा फोल्डर आणि पासवर्डची डॉट-ईएनव्ही फाईल. नाहीतर पासवर्ड इमेजमध्ये शिजतो आणि इमेज जिथे जाईल तिथे तो जातो.

ॲपने ०.०.०.० या पत्त्यावर ऐकलं पाहिजे. लॅपटॉपवर आपण १२७.०.०.१ वर ऐकत असतो, कंटेनरमध्ये तसं केलं तर ॲप फक्त स्वतःशीच बोलतं. कंटेनर चालू दिसतो, लॉगमध्ये 'सर्व्हर सुरू' लिहिलेलं असतं, आणि ब्राउझरमध्ये काहीच येत नाही. माझी तिसरी रात्र हीच.

५. कंपोजची फाईल

'डॉकर रन'च्या मागे लांबलचक शेपूट लावू नका, दोन दिवसांनी ते तुम्हालाच आठवणार नाही. सगळं एका कंपोज फाईलमध्ये. कंपोज म्हणजे सगळे कंटेनर एका फाईलवरून एकत्र चालवायची डॉकरची सोय. माझ्याकडे तीन सर्व्हिस: ॲप, डीबी म्हणजे डेटाबेस, आणि समोर कॅडी हा वेब सर्व्हर, जो एचटीटीपीएस सांभाळतो.

कंपोजची फाईल यामल प्रकारची असते, तिच्यात टॅब चालत नाही, स्पेसच. जुन्या व्हिडिओत सगळ्यात वर व्हर्जनची ओळ दाखवतात, आता लागत नाही. तसंच जुन्या व्हिडिओत 'डॉकर' आणि 'कंपोज' मध्ये डॅश असतो, तो जुना कंपोज २०२३ मध्ये बंद पडला, आता मध्ये स्पेस द्यायची.

आता खड्डे, सावकाश वाचा.

ॲपला डेटाबेसचा पत्ता देताना 'लोकलहोस्ट' लिहायचं नाही. ॲपच्या कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः, आणि त्याच्या पोटात पोस्टग्रेस नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. तिथे सर्व्हिसचं नाव लिहायचं, माझ्याकडे नुसतं 'डीबी'. कंपोज एकाच नेटवर्कमध्ये सगळ्यांना नावाने ओळख करून देतो.

इमेजला 'लेटेस्ट' लावू नका, आकडा लिहा, पोस्टग्रेस १६ तर १६. लेटेस्ट ठेवलं आणि एक दिवस नवीन मोठं व्हर्जन ओढलं गेलं तर पोस्टग्रेस जुन्या फाईली उघडायला सरळ नकार देतो, डेटा आपोआप नवीन साच्यात जात नाही. डेटा जागेवर असतो, पण त्या क्षणी घाम फुटतो.

'डिपेंड्स ऑन' लिहिलं म्हणजे ॲप डेटाबेसची वाट बघेल असं वाटतं. तो फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट बघतो, आतला पोस्टग्रेस उठून तोंड धुवेपर्यंत थांबत नाही. डीबीला हेल्थचेक (तयार आहे का ते तपासणं) लावा, पीजी-इझ-रेडी कमांडने, आणि ॲपला 'सर्व्हिस हेल्दी' ही अट द्या.

पासवर्डची गंमत: पोस्टग्रेस पासवर्डचं व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटाचा फोल्डर रिकामा असतानाच वाचलं जातं. नंतर फाईलमध्ये पासवर्ड बदलला, कंटेनर शंभर वेळा नवीन काढला, तरी डेटाबेसमध्ये जुनाच राहतो. नवीन हवा तर आत जाऊन 'ऑल्टर यूजर' करा.

६. डेटा कुठे ठेवताय ते बघा

डीबीला नाव असलेलं व्हॉल्यूम द्या. १६ साठी ते व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएल-डेटा (डॅशच्या जागी स्लॅश) या जागी लावायचं, पण १८ पासून ती जागा बदललीय, एक फोल्डर वर आलीय, म्हणून तुमच्या व्हर्जनचं पान बघूनच लिहा.

'डॉकर कंपोज डाऊन' केलं तर कंटेनर जातात, नाव असलेलं व्हॉल्यूम राहतं. पण त्यापुढे डॅश व्ही लावला तर व्हॉल्यूम पण जातं. विचारत नाही. 'नक्की का?' वगैरे काही नाही. मी एका उत्तरात वाचून ती कमांड मारली, अडलेलं काम खरंच सुटलं, आणि मामाच्या १९ दिवसांच्या गाड्या गेल्या. नशीब वही चालू होती. भाच्याने कॉम्प्युटर आणला तरी मामाने वही बंद केली नव्हती, आणि मी त्यावरून त्याला हसायचो. दोन रविवार बसून सगळं परत टाकलं, तो वाचायचा, मी टाईप करायचो, मध्ये मामी चहा ठेवून काही न बोलता जायची.

७. दरवाजे, म्हणजे पोर्ट

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात कारण काहीच बिघडलेलं दिसत नाही. आपण यूएफडब्ल्यू फायरवॉल लावतो, २२, ८० आणि ४४३ सोडून सगळं बंद करतो आणि निवांत झोपतो. पण डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम लिहितो आणि ते यूएफडब्ल्यूच्या आधी लागतात. म्हणजे कंपोजमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट उघडा लिहिला असेल तर यूएफडब्ल्यू 'बंद' म्हणत असताना तुमचा पोस्टग्रेस सगळ्या जगासाठी उघडा असतो.

उपाय सोपा. डीबीला 'पोर्ट्स' द्यायचेच नाहीत, ॲप त्याच्याशी आतल्या नेटवर्कवरून बोलतं. स्वतःला बघायला पाहिजेच असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लावा आणि एसएसएच टनेलने बघा. बाहेर फक्त कॅडीचे ८० आणि ४४३. झालं की मोबाईलच्या नेटवरून, घरच्या वायफायवरून नाही, ५४३२ ला हात लावून बघा, लागला नाही पाहिजे.

कॅडीचं काम थोडक्यात: डोमेनचा ए रेकॉर्ड सर्व्हरच्या आयपीवर वळवा, कॅडीफाईलमध्ये डोमेन आणि ॲपचा पत्ता दोन ओळीत लिहा, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तो स्वतः लेट्स एन्क्रिप्ट या फुकट देणाऱ्या संस्थेकडून आणतो. फक्त त्याच्या डेटा फोल्डरला पण व्हॉल्यूम द्या. मी नव्हतं दिलं. प्रत्येक वेळी कंटेनर नवीन काढला की तो नवीन सर्टिफिकेट मागायला जायचा, आणि एकाच नावासाठी आठवड्यात पाचच मिळतात. सहाव्यांदा नाही मिळालं, आणि काट्यावरचा पोरगा फोन करून सांगतोय की 'साईट असुरक्षित दाखवतंय'.

८. चालू करा आणि लाईट गेल्यावर उठतंय का बघा

'डॉकर कंपोज अप डॅश डी'. मग 'डॉकर कंपोज पीएस', आणि काही अडलं तर 'डॉकर कंपोज लॉग्स डॅश एफ ॲप'. लॉग शेवटून वर वाचा, खरी चूक बहुतेक वेळा मधल्या एका ओळीत असते आणि खालच्या चाळीस ओळी नुसता आरडाओरडा असतो.

प्रत्येक सर्व्हिसला रीस्टार्टमध्ये 'अनलेस-स्टॉप्ड' लिहा. मग मशीन बंद होऊन चालू झालं की सगळं आपोआप उठतं, फक्त तुम्ही स्वतः थांबवलेलं सोडून. लिहून सोडू नका, मशीन खरंच रीबूट करून बघा.

लॉगचा खड्डा पण इथेच. डॉकर लॉग साठवत जातो, मर्यादा घातली नाही तर डिस्क भरेपर्यंत. डॉकरच्या सेटिंगच्या डिमन जेसन फाईलमध्ये मॅक्स-साईझ १० एमबी आणि मॅक्स-फाईल ३ करा, डॉकर रीस्टार्ट करा, आणि कंटेनर नव्याने काढा, कारण जुन्यांना हा नियम लागत नाही.

आणि वेळ. कंटेनरमध्ये घड्याळ यूटीसी असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मामाचा फोन आला, "कारे भो, रात्री दोनला भरलेली गाडी कालच्या हिशोबात कशी गेली?" बरोबरच होतं, रात्री बारा ते साडेपाचमध्ये भरलेली प्रत्येक गाडी आदल्या तारखेला पडत होती, आणि भाव रोज बदलतो, म्हणजे शेतकऱ्याचे पैसे चुकत होते. ॲपच्या कंटेनरला टीझेड (टाईमझोन) व्हेरिएबल एशिया-कोलकाता द्या, मध्ये डॅश नाही, स्लॅश. डेटाबेसला 'ऑल्टर डेटाबेस'ने टाईमझोन सेट करा, तिथे नुसतं टीझेड नंतर बदलून फरक पडत नाही.

९. बॅकअप, आणि उघडून बघितलेला बॅकअप

चालू डेटाबेसचा फोल्डर कॉपी करू नका, पीजी-डंप ही पोस्टग्रेसची बॅकअपची कमांड वापरा. 'डॉकर कंपोज एक्झेक' ने डीबीमध्ये पीजी-डंप चालवा, बाहेर फाईलमध्ये वळवा, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतो तो) रात्री तीनला लावा.

मी हाताने चालवून बघितलं, झकास. क्रॉनमध्ये लावलं. रोज सकाळी फोल्डरमध्ये तारखेची नवीन फाईल. महिन्याभराने सहज साईझ बघितली: शून्य. सगळ्याच्या सगळ्या फाईली शून्य केबी. झालं असं की कंपोज एक्झेक टर्मिनल मागतो, क्रॉनकडे टर्मिनल नसतं, कमांड तिथेच पडते, पण फाईल त्याआधीच तयार झालेली असते, रिकामी. एक्झेकच्या पुढे डॅश कॅपिटल टी लावा, एवढंच.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर पण न्या, त्याच व्हीपीएसवर ठेवलेला बॅकअप म्हणजे चोराच्या घरात तिजोरी. आणि महिन्यातून एकदा घरच्या जुन्या पीसीवर तो रिस्टोर करून शेवटची गाडी दिसतेय का बघा.

१०. अपडेट आणि साफसफाई

आधी बॅकअप. मग कंपोज फाईलमधला आकडा बदला, 'पुल', 'अप डॅश डी', लॉग बघा. बिघडलं तर आकडा परत मागे. पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन मात्र असं बदलायचं नाही, डंप काढून नवीन रिकाम्या व्हॉल्यूममध्ये भरायचं.

डिस्क भरत आली की 'डॉकर सिस्टिम डीएफ' ने कोण किती जागा खातंय ते बघा, बहुतेक जुन्या इमेज असतात, 'डॉकर इमेज प्रून डॅश ए' ने जातात. व्हॉल्यूम प्रूनच्या नादी लागू नका, माझ्या १९ दिवसांची आठवण ठेवा.

लोकांना ॲप देण्याआधी एकदा हे करा. कंपोज फाईल, डॉट-ईएनव्ही, कॅडीफाईल, कोडचा फोल्डर आणि काल रात्रीचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या, दुसऱ्या कोऱ्या मशीनवर बसा आणि वही उघडून सगळं शून्यातून उभं करा, वेळ लावून. जिथे अडाल तिथे वहीत ओळ कमी आहे. मला पहिल्या वेळी पावणेतीन तास लागले, त्यातला एक तास डॉट-ईएनव्ही आणायलाच विसरलो म्हणून. परवा केलं तर २५ मिनिटं, आणि त्यातली अर्धी तर इमेज डाऊनलोड व्हायची वाट बघण्यात.